दुबार नोंद आणि दुसरा माणूस

(हिमायतनगर येथे युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



मी याच गावची. शाळा इथेच झाली, पुढे नांदेड आणि मग पुणे. गेली काही वर्षं मी पुण्यात डेटाबेसवर काम करते. आयोजकांनी फोनवर विचारलं, की तुम्ही रोज नेमकं काय करता, ते मुलांना सांगाल का? मी म्हटलं, सांगते, पण विषय जरा रुक्ष आहे. एकाच क्लाउड डेटाबेसमध्ये अनेक संस्थांची माहिती ठेवलेली असते. त्यात तीच तीच माहिती पुन्हा पुन्हा साठवली जाते. ती कमी कशी करायची, हे माझं काम. त्या म्हणाल्या, या. म्हणून आले.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. या गावाला दोन नावं आहेत. सरकारी कागदावर हिमायतनगर, आणि जुनी माणसं अजूनही वाढोणा म्हणतात. बाजाराला आलेल्या म्हाताऱ्याला विचारा, तो वाढोण्यालाच आलेला असतो. आता दुसरी गोष्ट. हैदराबादेतही एक हिमायतनगर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे नातेवाईक हैदराबादला आहेत, त्यांना ते ठाऊक आहे.

म्हणजे एका गावाची दोन नावं, आणि एका नावाची दोन ठिकाणं. पहिल्या बाबतीत दोन नोंदी दिसतात, पण गोष्ट एकच असते, त्या एकत्र करायला हव्यात. दुसऱ्या बाबतीत नोंद एकसारखी दिसते, पण गोष्टी दोन असतात, त्या चुकूनही एकत्र करायच्या नाहीत. माझ्या कामातली अर्धी अडचण या दोनांतला फरक ओळखण्याची आहे. आज मी एवढंच सांगणार आहे. तुम्ही कॉम्प्युटर शिकणार असाल तर ते तुमच्या धंद्याचं आहे. शिकणार नसाल तरी ते तुमच्या नावाचं आहे, कारण तुमचं नाव अशा कुठल्या तरी डेटाबेसमध्ये आहेच.

मल्टी-टेनंट म्हणजे काय?

टेनंट म्हणजे भाडेकरू. समजा एका कंपनीने शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवलं : हजेरी, फी, गुणपत्रिका, टी.सी. ते तीनशे संस्थांनी घेतलं. आता माहिती ठेवायचे तीन मार्ग आहेत. पहिला, प्रत्येक संस्थेला स्वतंत्र डेटाबेस, म्हणजे प्रत्येकाला वेगळं घर. दुसरा, डेटाबेस एक, पण प्रत्येकासाठी टेबलांचा वेगळा संच, म्हणजे एका इमारतीत वेगवेगळे फ्लॅट. तिसरा, सगळ्यांची टेबलं एकच, आणि प्रत्येक ओळीवर ही ओळ कुठल्या संस्थेची हे सांगणारा एक क्रमांक. हे म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांचं सामान, आणि प्रत्येक पेटीवर मालकाची चिठ्ठी.

तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्सने व्यवसायाचं सॉफ्टवेअर याच पद्धतीने भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि आज आपण वापरतो त्या बऱ्याच सेवा अशाच चालतात. पण इथे एक चिठ्ठी चुकली, की एकाचं सामान दुसऱ्याच्या हाती. म्हणून डेटाबेसलाच सांगून ठेवतात, की समोर जो आलाय त्याच्याच चिठ्ठीच्या ओळी दाखव, बाकीच्या नाहीतच असं समज. पोस्टग्रेस नावाच्या मोफत डेटाबेसमध्ये ही सोय २०१६ मध्ये आली. नवीन काम सुरू करणाऱ्यांनी ती पहिल्या दिवसापासून वापरावी.

तीच माहिती कुठे कुठे साचते?

पहिली जागा म्हणजे गावं, तालुके, जिल्हे, बँका, शाखा यांच्या याद्या. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत. तीनशे संस्थांपैकी प्रत्येकीला गावांची यादी स्वतंत्र दिली, तर १ कोटी २० लाख ओळी झाल्या. एकदाच ठेवली तर ४० हजार.

दुसरी जागा पत्त्यांची. इथे आपल्या भाषेचा एक खास मुद्दा आहे. कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी अक्षराला सहसा एक बाइट लागतो, उर्दू अक्षराला दोन आणि देवनागरीला तीन. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘हिमायतनगर’ लिहायला २७ बाइट, ‘नांदेड’ला १८, ‘महाराष्ट्र’ला ३०. एकूण ७५. पाच लाख विद्यार्थ्यांच्या ओळीत हे तिन्ही शब्द लिहिले तर पावणेचार कोटी बाइट. त्याऐवजी गावाचा चार बाइटचा क्रमांक लिहिला तर वीस लाख. गाव कळलं, की तालुका, जिल्हा, राज्य आपोआप कळतं, ते पुन्हा लिहायची गरज नाही.

हा विचार नवा नाही. एडगर कॉड नावाच्या आयबीएममधल्या गणितज्ञाने १९७० मध्ये तो मांडला. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा, आणि बाकी सगळीकडून तिच्याकडे बोट दाखवा. आज जगातले बहुतेक हिशेबाचे डेटाबेस त्या पायावर उभे आहेत.

आता कोणी म्हणेल, पावणेचार कोटी बाइट म्हणजे जेमतेम ३७ एमबी. माझ्या मोबाइलमधला एक व्हिडिओ त्याहून मोठा असतो. खरं आहे. जागेचा खर्च इथे फार मोठा नाही. खरा खर्च दुरुस्तीचा आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्याच भागात घडलं आहे.

आपल्याकडे ज्यांचं ज्यांचं खातं होतं त्यांना स्टेट बँक ऑफ हैदराबाद आठवत असेल. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पैसे पाठवायला लागणारा शाखेचा आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो, त्यातली पहिली चार बँकेची. विलीनीकरणानंतर ती चार अक्षरं बदलली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये शाखांची यादी एकाच ठिकाणी होती, तिथे एक यादी सुधारली की काम झालं. जिथे प्रत्येक संस्थेकडे आपली आपली प्रत होती, तिथे जितक्या प्रती तितक्या दुरुस्त्या. त्यातली एक राहून गेली, तर त्या संस्थेच्या मुलांचे पैसे जुन्या कोडवर जाणार आणि परत येणार. एका माहितीच्या तीनशे प्रती असल्या की त्यांतल्या काही कधी ना कधी शिळ्या होतातच.

तिसरी जागा फाइलींची. इथे मात्र जागाही खरोखर खूप जाते. शिक्षण विभागाचा एक शासन निर्णय येतो. समजा दोन एमबीची पीडीएफ. तीनशे संस्थांचे तीनशे क्लार्क ती अपलोड करतात. ६०० एमबी झाले. वर्षाला असे पन्नास निर्णय धरले तर ३० जीबी. क्लाउडवर माहिती एका प्रतीत कधीच नसते. मूळ प्रत, तिची जुळी प्रत आणि बॅकअप. म्हणजे ९० जीबी. आणि खरा मजकूर किती? १०० एमबी.

फाइल एकदाच कशी ठेवायची?

नावावरून नाही. एक क्लार्क फाइलीला ‘जीआर’ नाव देतो, दुसरा ‘नवीन परिपत्रक’, तिसरा नुसतं ‘स्कॅन ०४७’. म्हणून फाइलीच्या आतल्या मजकुरावर गणित करून एक ठसा काढतात. त्याला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ ही पद्धत वापरली तर तो ठसा ६४ अक्षरांत लिहिता येतो. फाइल तीच असेल तर ठसा तोच. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा. नवी फाइल आली की ठसा काढायचा. तो आधीच असेल तर फाइल पुन्हा ठेवायची नाही, नुसती नोंद करायची, की या संस्थेचाही या फाइलीकडे हात आहे.

ठशाची पद्धतही विचार करून निवडावी लागते. एसएचए-१ ही जुनी पद्धत बराच काळ सगळे वापरत होते. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची संशोधन संस्था आणि गुगल यांनी दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या, ज्यांचा त्या पद्धतीने काढलेला ठसा एकच येत होता. तेव्हापासून नव्या कामात ती वापरू नये.

आता मोजणी. एका फाइलीकडे तीनशे संस्थांचे हात आहेत. एका संस्थेने फाइल डिलीट केली, तर तिचा फक्त हात काढायचा. शेवटचा हात सुटेल तेव्हाच फाइल खरी पुसायची. ही मोजणी चुकली, तर एकाने डिलीट केल्यावर बाकीच्या २९९ जणांची फाइल गायब होते. आमच्याकडे नियम आहे : मोजणी शून्य झाली तरी फाइल काही दिवस तशीच ठेवायची, पुन्हा मोजायचं आणि मगच पुसायची.

याच कामातून पुण्यात एक मोठी कंपनी उभी राहिली. ड्रुवा तिचं नाव. २००८ मध्ये जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोठंडरामन यांनी ती सुरू केली. त्यांनी पाहिलेली अडचण साधी होती. एखाद्या ऑफिसात पाचशे लोकांना एकच प्रेझेंटेशन ईमेलने जातं, आणि पाचशे लॅपटॉपचा बॅकअप घेताना तीच फाइल पाचशे वेळा इंटरनेटवरून जाते. त्यांनी तपासणी लॅपटॉपवरच केली. आधी ठसा पाठवायचा, आणि समोरून ‘हे माझ्याकडे नाही’ असं उत्तर आलं तरच मजकूर पाठवायचा. त्यामुळे जागाही वाचली आणि आपल्यासारख्या कमी वेगाच्या लाइनवर वेळही वाचला.

यात आणखी एक खुबी आहे. पूर्ण फाइलीचा एकच ठसा काढला, तर एक ओळ बदलली तरी सगळी फाइल नवी ठरते. म्हणून फाइलीचे तुकडे करतात आणि तुकड्यांचे ठसे काढतात. पण तुकडे ठरावीक मापाचे केले तर नवीच पंचाईत होते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवा, पुढच्या प्रत्येक पानावरचा मजकूर एकेक ओळ सरकतो, आणि एकही पान जुन्याशी जुळत नाही. त्यावर उपाय म्हणजे मापाने न कापता मजकुरातल्या खुणेवर कापायचं. जसं पान न मोजता परिच्छेद मोजावा. ओळ वाढली तर एकच परिच्छेद बदलतो, बाकीचे जसेच्या तसे जुळतात.

इथपर्यंत सगळं गोड वाटतं. आता चूक सांगते, माझी स्वतःची.

मी नोकरीला लागून दीड-दोन वर्षं झाली होती. ज्या कंपनीत होते तिचं शाळांसाठी सॉफ्टवेअर होतं. गावांच्या याद्या एक केल्या, फाइली एक केल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. मग मला वाटलं, माणसंही एक करावीत. एखादी मुलगी एका संस्थेतून सातवी झाली आणि दुसऱ्या संस्थेत आठवीला गेली, तर तिची नोंद दोनदा होते. नाव, जन्मतारीख आणि जिल्हा हे तिन्ही जुळलं तर माणूस एकच, असा नियम मी लिहिला. चाचणी घेतली, ठीक वाटली. रात्री चालवला.

चार-पाच दिवसांनी एका शाळेच्या क्लार्कचा फोन आला. एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर दुसऱ्याच कुणाचा बँक खाते क्रमांक दिसत होता. तपासलं तर दोन मुली होत्या. जिल्हा एक, शाळा वेगळ्या, नाव एकच, जन्मतारीखही एकच : १ जून.

तुम्ही हसताय, कारण तुम्हाला माहीत आहे. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरात १ जूनचा वाढदिवस आहे? हात वर करा. बघा. आपल्या आजी-आजोबांचे, आई-वडिलांचे जन्मदाखले नव्हते. पोरगं शाळेत आणलं, गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि तारीख टाकली १ जून. हळूहळू हे कमी झालं, पण पूर्ण गेलेलं नाही. मी याच गावची असून हे विसरले. माझ्या स्वतःच्या वडिलांची तारीख १ जून आहे.

त्या मुलीचे पैसे वाचले, कारण क्लार्कने अर्ज पाठवण्याआधी नीट पाहिला. माझ्या नियमामुळे नाही. आम्ही त्या रात्रीच्या आधीचा बॅकअप काढला, नोंदी वेगळ्या केल्या आणि एकूणएक जोडी हाताने तपासली. तेव्हा एक गोष्ट मनात पक्की बसली. जी प्रत फुकटची आणि जागा खाणारी वाटते, तिच्यामुळेच मी सुटले होते. बॅकअपही प्रतच असतो. प्रत विचार करून ठेवलेली आहे, की निष्काळजीपणाने साचलेली, हे आधी विचारायचं. साचलेली काढायची, ठेवलेली जपायची.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या दोन नोंदी एकाच मुलीच्या असत्या, तरी मला त्या जोडायचा हक्क नव्हता. एका संस्थेने आपल्या विद्यार्थिनीची माहिती आमच्याकडे ठेवायला दिली होती. दुसऱ्या संस्थेशी ती जोडायला तिने सांगितलं नव्हतं, आणि त्या मुलीच्या घरच्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझा नियम असा आहे : जी माहिती कुणा एकाची नाही ती सगळ्यांत मिळून एकदा ठेवा. गावं, बँका, शाखा, शासन निर्णय. जी माहिती माणसाची आहे ती ज्याच्या त्याच्या घरातच ठेवा, मग थोडी जागा जास्त गेली तरी चालेल.

नावं जुळवण्याचा प्रश्न

आपल्या नावांचं थोडं सांगते, कारण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. बहुतेक फॉर्ममध्ये तीन चौकटी असतात : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मराठवाड्यातलं मुस्लिम नाव असं असतं : शेख अहमद शेख महेबूब. यातलं आडनाव कुठलं? एका ठिकाणी क्लार्क ‘अहमद महेबूब शेख’ लिहितो, दुसऱ्या ठिकाणी ‘शेख अहमद’, तिसऱ्या ठिकाणी ‘महेबूब’ आडनाव होतं. मोहम्मद, मोहंमद, महंमद, मुहम्मद आणि नुसतं ‘मो.’ अशी एकाच नावाची पाच रूपं कागदावर सापडतात. बायकांच्या नावापुढे कुठे बी, कुठे बेगम. जुन्या कागदांवर नवऱ्याच्या नावाआधी ‘भ्र.’ लिहिलेलं असतं, ते काय आहे हे पुण्यातल्या प्रोग्रामरला कळत नाही, तो त्याला नावाचाच भाग समजतो.

डोळ्यांना न दिसणारी एक भानगड आणखी आहे. ‘ज़ैनब’मधला नुक्त्याचा ज़ कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा ज आणि नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे, म्हणून ठसा वेगळा. एकच ज़ैनब यादीत दोनदा येते. उपाय सोपा आहे. साठवण्याआधी सगळा मजकूर युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणायचा. बहुतेक भाषांत त्याचं तयार फंक्शन असतं. एक ओळ लिहावी लागते, आणि ती लिहायची राहून जाते.

म्हणजे आपल्या नावांत दोन्ही चुका एकाच वेळी होतात. एक माणूस दोन दिसतो, कारण नाव पाच प्रकारे लिहिलं आहे. आणि दोन माणसं एक दिसतात, कारण शेख, सय्यद, पठाण, खान ही नावं पुष्कळांची आहेत आणि तारीख १ जून. नाव जुळवून दुबार शोधणारा कुठलाही कार्यक्रम आपल्या वस्त्यांत इतर ठिकाणांपेक्षा जास्त चुका करणार. कुणाचा हेतू वाईट नसतानाही करणार. म्हणून नावावरून फक्त संशय घ्यावा, निकाल देऊ नये. जुळणाऱ्या जोड्या माणसासमोर ठेवाव्यात, आणि ज्याची नोंद आहे त्याला विचारल्याशिवाय काहीही पुसू नये.

देशातल्या मोठ्या यंत्रणांनाही हे भोवलं आहे. आधारचं वाटप २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून सुरू झालं. एका माणसाला दोन क्रमांक जाऊ नयेत म्हणून तिथे बोटांचे ठसे आणि बुबुळं तपासतात, कारण नाव आणि जन्मतारखेवर भरवसा ठेवता येत नाही हे त्यांनी आधीच धरलं होतं.

दुसरं उदाहरण मतदार ओळखपत्राचं. मार्च २०२५ मध्ये निवडणूक आयोगाला खुलासा करावा लागला, की वेगवेगळ्या राज्यांतल्या काही मतदारांचे ओळखपत्र क्रमांक एकच आहेत, पण म्हणून ते मतदार दुबार नाहीत. कारण सांगितलं ते माझ्या धड्यात जसंच्या तसं बसतं. सगळ्या राज्यांच्या याद्या एका सामाईक यंत्रणेवर येण्याआधी क्रमांक जागोजागी आणि हाताने दिले जात होते. दोन राज्यांनी एकच मालिका वापरली. आपापल्या घरात तो क्रमांक एकमेव होता, पण सगळे एका हॉलमध्ये आल्यावर टक्कर झाली. म्हणून मल्टी-टेनंट डेटाबेसमध्ये नुसता ‘विद्यार्थी क्रमांक १२७’ कधीही पुरत नाही. ‘अमुक संस्थेचा विद्यार्थी क्रमांक १२७’ असंच लिहावं लागतं.

बचतीतून होणारी गळती

फाइलींबद्दल एक धोका सांगायचा राहिला. मी फाइल अपलोड करते आणि ती क्षणात ‘झाली’ असं दिसतं, म्हणजे ती आधीच कुणीतरी ठेवलेली आहे. शासन निर्णयाच्या बाबतीत यात काही वावगं नाही. पण समजा ती वैद्यकीय दाखल्याची फाइल आहे. दाखल्याचा नमुना माझ्याकडे आहे, त्यात शेजाऱ्याचं नाव आणि एकेका आजाराचं नाव भरून मी अपलोड करत राहिले. ज्या वेळी क्षणात ‘झाली’ दिसलं, त्या वेळी मला त्याचा आजार कळला. फाइल मी पाहिलीही नाही. २०१० मध्ये तीन संशोधकांनी हा धोका लिहून दाखवला. २०११ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या बाबतीत असंच एक साधन निघालं, ज्यात नुसता ठसा दाखवून दुसऱ्याची फाइल आपल्या खात्यात घेता येत होती. कंपनीने ते बंद केलं.

म्हणून खासगी कागदांची बचत एका संस्थेच्या हद्दीतच करावी, हद्द ओलांडून नाही. ड्रुवानेही तुकडे जुळवण्याचं काम एकेका ग्राहकाच्या हद्दीतच ठेवलं. प्रत्येक संस्थेची माहिती तिच्या वेगळ्या किल्लीने कुलूपबंद केली, की तीच फाइल दोन संस्थांकडे वेगवेगळी दिसते आणि आपोआपच जुळत नाही. जागा जास्त जाते. ती जाऊ द्यावी.

आणखी एक जागा अशी आहे, जिथे प्रत ठेवलीच पाहिजे. २०२३ मध्ये औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जिल्ह्यांची यादी एकाच ठिकाणी असेल तर बदल एका ओळीत होतो. पण २०१९ मध्ये दिलेल्या टी.सी.वर तेव्हाचं नाव छापलं होतं. आज तोच टी.सी. सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढला आणि त्यावर नवं नाव आलं, तर हातातला कागद आणि डेटाबेस जुळत नाहीत, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, तुमचा दाखला खोटा आहे. दिलेला दाखला ही त्या दिवशी घडलेली घटना आहे. तिचा मजकूर त्या दिवशी होता तसाच वेगळा जपून ठेवायचा. तो दुबार नाही.

आता तुमच्यासाठी दोन कामं सांगते आणि थांबते.

ज्यांना या धंद्यात यायचं आहे त्यांनी पोस्टग्रेस घ्यावं. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आपल्या शाळेचं, दुकानाचं, पतसंस्थेचं काल्पनिक काम घ्या, दोन संस्था एका डेटाबेसमध्ये बसवा, गावांची यादी एकदाच ठेवा, आणि एका संस्थेला दुसरीची एकही ओळ दिसत नाही हे तपासून पाहा. त्यात खोटी नावं आपल्या गावातल्यासारखी भरा : दोन शेख अहमद, पाच प्रकारचे मोहम्मद, आणि सगळ्यांची तारीख १ जून. जो कार्यक्रम त्यातून तरेल तो कुठेही तरेल. पुण्यात मुलाखतीला आलेल्या मुलांना हा अनुभव नसतो. तुम्हाला तो जन्मापासून आहे, फक्त तो कामाचा आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं काम सगळ्यांसाठी. घरी जा, आणि घरातल्या प्रत्येकाचे कागद एका रांगेत मांडा : आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, टी.सी. नाव प्रत्येकावर कसं लिहिलंय ते एका वहीत उतरवा, विशेषतः आईचं आणि आजीचं. जिथे फरक आहे तिथे दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिलेला आहे. काम निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ही वही आत्ता तयार असलेली बरी.

त्या दोन मुलींचं पुढे काय झालं, असं मला चहाच्या वेळी एकाने विचारलं होतं. दोघींच्या नोंदी वेगळ्या झाल्या, दोघींचे अर्ज आपापल्या खाते क्रमांकावर गेले. मी त्यांना कधी भेटले नाही आणि आपण पाच दिवस एकच मुलगी होतो हे बहुतेक त्यांना आजही माहीत नसेल. पण तेव्हापासून नोंदी जोडणारा कुठलाही कार्यक्रम चालवण्याआधी मी त्यात माझ्या वडिलांचं नाव आणि १ जून टाकून बघते. ते कुणा दुसऱ्यात मिसळले, तर मी तो चालवत नाही.

प्रश्न असतील तर विचारा.